स्टॅम्प पेपरवर मिटलेला अपघात कायद्याने मिटत नाही

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

बांधकामावरच्या अपघाताची बातमी बहुधा एकाच वाक्याने संपते : 'ठेकेदाराविरुद्ध गुन्हा दाखल करण्यात आला आहे.' वाचणाऱ्याला वाटते, पुढचे आता कायदा बघेल. पण त्या गुन्ह्यातून जखमी सेंटरिंगवाल्याच्या किंवा मरण पावलेल्या बिगाऱ्याच्या घरात आपोआप काहीच येत नाही. भारतीय न्याय संहितेतली कलम १०६ (हयगयीने मृत्यू), कलम १२५ (दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणे) आणि कलम २९० (इमारत पाडताना, दुरुस्त करताना किंवा बांधताना केलेला निष्काळजीपणा) ही शिक्षेची कलमे आहेत. भरपाईचा दावा वेगळ्या ठिकाणी करायचा असतो, आणि तिथे जाण्याआधीच अनेक कुटुंबांची पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर सही घेतलेली असते : 'आम्हाला इतकी रक्कम मिळाली, आमची कोणाविरुद्ध तक्रार नाही, भविष्यात कोणताही दावा करणार नाही.' खाली नोटरीचा शिक्का. गावाकडे मृतदेह न्यायची घाई, हातात रोख दीड-दोन लाख आणि समोर मुकादम, तोही बहुधा आपल्याच तालुक्यातला. सही होते.

त्या कागदाची कायद्यात किंमत काय, हे सांगण्यासाठीच हे पत्र.

कर्मचारी नुकसानभरपाई कायदा, १९२३ चे कलम १७ म्हणते की भरपाईचा हक्क सोडून देणारा किंवा कमी करणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल आहे. मृत्यूच्या प्रकरणात कलम ८ आणखी कडक आहे. मालकाने भरपाई आयुक्तांकडेच (म्हणजे या कायद्याखालचे दावे चालवणाऱ्या अधिकाऱ्याकडेच) जमा करायची असते. वारसांच्या हातात थेट दिलेली रक्कम भरपाई म्हणून धरलीच जात नाही. अपवाद एकच, तीन महिन्यांच्या वेतनाइतकी आगाऊ रक्कम. म्हणजे ठेकेदाराने दोन लाख रोख दिले, पावती घेतली, व्हिडिओही काढला, तरी आयुक्तांसमोर त्याची देणेदारी जवळजवळ पूर्ण उभी राहते. जखमी कामगाराशी एकरकमी तडजोड करता येते, पण कलम २८ प्रमाणे तिची आयुक्तांकडे नोंदणी करावी लागते. रक्कम अपुरी वाटली किंवा फसवणुकीने, दडपणाखाली सही घेतल्याचे दिसले, तर आयुक्त नोंदणी नाकारू शकतात. नोंदणी नसेल तर पूर्ण भरपाईची जबाबदारी कायम राहते. तेव्हा ज्यांनी आधीच सही केली आहे त्यांनी 'आता काही होणार नाही' असे समजून बसू नये. मिळालेली रक्कम अर्जात प्रामाणिकपणे नमूद करावी, लपवू नये. लपवलेली रक्कम उलटतपासणीत बाहेर येते आणि बाकीच्या साक्षीवरचा विश्वासही घालवते.

दोन लाख कमी की पुरेसे, हे हिशेब मांडल्याशिवाय कळत नाही. समजा अपघात मार्च २०२५ मधला, कामगाराचे वय ३० पूर्ण, हजेरी ८०० रुपये, महिन्याला २६ दिवस. कमाई २०,८०० रुपये, पण कायदा हिशेबासाठी मासिक वेतन १५,००० पेक्षा जास्त धरत नाही. (ही मर्यादा ३ जानेवारी २०२० पासूनची, त्याआधी ती ८,००० होती.) मृत्यू झाला तर वेतनाच्या ५० टक्के, म्हणजे ७,५०० रुपये, गुणिले कायद्याच्या तक्त्यातला वयाचा गुणक. तिसाव्या वर्षाचा गुणक २०७.९८ आहे. भरपाई १५,५९,८५० रुपये. कायमचे पूर्ण अपंगत्व आले तर ५० ऐवजी ६० टक्के धरायचे, म्हणजे १८,७१,८२० रुपये. वय वाढेल तसा गुणक उतरतो. चाळिशीला तो १८४.१७ आहे, पन्नाशीला १५३.०९. अंशतः अपंगत्वात पूर्ण अपंगत्वाच्या रकमेचा ठराविक हिस्सा मिळतो : अंगठा गेला तर ३० टक्के, एक डोळा गेला आणि दुसरा चांगला असेल तर ४०, एका हाताची चारही बोटे गेली तर ५०, पूर्ण पंजा गेला तर ६०. म्हणजे वरच्याच कामगाराचा कटर मशीनखाली अंगठा गेला, तर ५,६१,५४६ रुपये. कामगार काही महिने घरी बसून बरा होणार असेल, तर दर पंधरवड्याला मासिक वेतनाच्या २५ टक्के मिळतात. १५,००० च्या मर्यादेत ते ३,७५० होतात. उपचाराचा प्रत्यक्ष झालेला खर्च कलम ४(२अ) प्रमाणे मालकाने वेगळा द्यायचा असतो, तो या रकमेतून वजा होत नाही.

याच्या जोडीला व्याज आहे. भरपाई देय होते अपघाताच्या दिवशी, निकालाच्या दिवशी नव्हे. हे सर्वोच्च न्यायालयाने एका सुताराच्या प्रकरणात १९७५ मध्येच सांगून ठेवले आहे. एका महिन्यात रक्कम दिली नाही तर १९२३ च्या कायद्याने वर्षाला १२ टक्के सरळ व्याज, आणि उशिराला योग्य कारण नसेल तर भरपाईच्या ५० टक्क्यांपर्यंत दंड. वरच्या मृत्यूच्या उदाहरणात दोन वर्षांचे व्याजच ३,७४,३६४ रुपये होते. विमा कंपनी भरपाई आणि, पॉलिसीत वगळलेले नसेल तर, व्याज देते, दंड मात्र मालकाला स्वतःच्या खिशातून भरावा लागतो. वाटाघाटीत हा मुद्दा ठेवला की ठेकेदाराच्या वकिलाचा सूर बदलतो.

आता कायदा बदलल्याचे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली आणि १९२३ चा कायदा तिच्या सातव्या प्रकरणात गेला. आयुक्तांच्या जागी 'सक्षम प्राधिकारी' हा शब्द आला. ५० आणि ६० टक्के व वयाचा गुणक हे सूत्र तेच राहिले, पण व्याजाचा दर नियमांवर सोडला आहे. कोणता कायदा आणि कोणती वेतनमर्यादा, हे अपघाताच्या तारखेवरून ठरते, अर्जाच्या तारखेवरून नाही. म्हणून ऑक्टोबर २०२५ मधल्या अपघाताचा अर्ज आज केला तरी तो जुन्या कायद्याने चालेल. नंतरच्या अपघातासाठी त्या तारखेला लागू असलेली अधिसूचना पाहून आकडे लावावेत. अपघाताची तारीख चुकीची पडली, तर पुढचा सगळा हिशेब बिघडतो.

देणेदार कोण, इथे सर्वांत जास्त गफलत होते. कुटुंबाला माहीत असतो फक्त मुकादम, आणि त्याच्याकडून वसूल होण्यासारखे बहुधा काही नसते. १९२३ च्या कायद्याचे कलम १२ सांगते की धंद्याचे काम ठेकेदारामार्फत करून घेणारा मूळ मालकही स्वतः कामगार लावल्यासारखाच जबाबदार असतो. नंतर त्याने ते पैसे ठेकेदाराकडून वसूल करावेत, तो त्यांच्यातला मामला. म्हणून अर्जात मुकादम, उपठेकेदार, मुख्य ठेकेदार, विकासक आणि पॉलिसी असल्यास विमा कंपनी, सगळ्यांना पक्षकार करावे. 'तो आमचा कामगारच नव्हता, नाक्यावरून एका दिवसासाठी आणला होता' हा बचाव आता चालत नाही. 'नैमित्तिक' कामगाराला वगळणारे शब्द २००० सालच्या दुरुस्तीने काढून टाकले आहेत. एक अडचण मात्र खरी आहे. कोणी स्वतःच्या राहत्या घराचे काम ठेक्याने दिले असेल, तर घरमालकाचा तो धंदा नसल्याने कलम १२ त्याला सहसा लागत नाही. तिथे ठेकेदारावरच भिस्त. घरमालकाने कामगार थेट लावला असेल तर गोष्ट वेगळी.

विकासकाचे खरे नाव कसे शोधायचे? साइटच्या पत्र्यावर महारेरा (राज्याचे स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरण) क्रमांकाचा फलक आणि त्यावर क्यूआर कोड असतो. त्याचा फोटो काढावा. महारेराच्या संकेतस्थळावर प्रवर्तक कंपनीचे पूर्ण नाव आणि पत्ता मिळतो. फलकावर प्रकल्पाचे गोड नाव असते, 'अमुक रेसिडेन्सी'. ते नाव कोणावर नोटीस बजावायला उपयोगाचे नाही. सरकारी काम असेल तर माहिती अधिकारात कार्यादेशाची आणि विमा पॉलिसीची प्रत मागावी. पॉलिसीही नीट वाचावी. बांधकामाचा 'ऑल रिस्क' विमा बहुधा कामाचे आणि त्रयस्थांचे नुकसान भरतो. स्वतःच्या कामगारांसाठी कर्मचारी भरपाईची पॉलिसी वेगळी घ्यावी लागते.

पहिल्या दोन-तीन दिवसांबद्दल जरा सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण खटला तिथेच कमावला किंवा गमावला जातो. जखमीला दवाखान्यात घेऊन जातो ठेकेदाराचा माणूस. केसपेपरवर 'काय झाले' हे तोच सांगतो : घरी जिन्यावरून पडला, खोलीत चक्कर आली. वैद्यकीय-कायदेशीर प्रकरण म्हणून नोंद होऊ नये हा हेतू. दोन वर्षांनी विमा कंपनीचा वकील तोच केसपेपर पुढे करतो. म्हणून नातेवाईक पोहोचताच त्यांनी डॉक्टरांना स्पष्ट सांगावे की अमुक साइटवर, अमुक मजल्यावर परांचीवरून किंवा डक्टमध्ये पडला, आणि एमएलसी (वैद्यकीय-कायदेशीर नोंदीचा) क्रमांक लिहून घ्यावा. आधी चुकीची नोंद झाली असेल तर लेखी अर्ज देऊन दुरुस्त माहिती नोंदवायला सांगावी आणि त्या अर्जाची पोच ठेवावी. मृत्यू झाला असेल तर पोलिस आधी अकस्मात मृत्यूची नोंद करतात. त्यातला घटनास्थळ पंचनामा, मरणोत्तर पंचनामा आणि शवविच्छेदन अहवाल यांच्या प्रती लागतात. पंचनाम्यात पडल्याचे ठिकाण, उंची, कठडा होता का, जाळी होती का, पट्टा अडकवायला दोर होता का, हे येणे महत्त्वाचे. दुसऱ्या दिवशी नवी जाळी लावलेली दिसते.

'दारू प्यायला होता', 'हेल्मेट घातले नव्हते' हे दोन बचाव ठरलेले. नशा, सुरक्षेच्या सूचनेचे मुद्दाम उल्लंघन आणि संरक्षक साधन मुद्दाम काढणे ही कारणे मृत्यूच्या किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वाच्या प्रकरणात मालकाला सोडवत नाहीत. कलम ३ च्या परंतुकात ते साफ लिहिले आहे. या भीतीने तडजोड करणाऱ्या विधवांनी हे ऐकायला हवे. लहान दुखापतीत मात्र हा बचाव चालू शकतो.

कामावर होता याचा पुरावा हजेरीपुस्तकात मिळेल अशी आशा ठेवू नये. मुकादमाने फोनपे-गुगल पेवरून पाठवलेली उचल, गेटवरच्या रजिस्टरचा फोटो, सुरक्षा प्रशिक्षणाचे कार्ड, कामाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचे निरोप, साइटवर काढलेले फोटो, हे सगळे जपावे. मेलेल्या माणसाचा मोबाइल कुटुंबाने लगेच ताब्यात घ्यावा आणि सिम बंद होऊ देऊ नये. सोबतच्या दोघा-तिघांची नावे, आणि साइटचा नव्हे तर गावाकडचा पत्ता लिहून घ्यावा. स्लॅब संपला की टोळी दुसऱ्या शहरात जाते आणि साक्षीदार सापडत नाही.

अपंगत्वाच्या दाखल्यात आणखी एक गोम आहे. जिल्हा रुग्णालयाचा दाखला सांगतो, 'उजव्या पायाचे ३५ टक्के अपंगत्व'. तो शरीराचा हिशेब झाला. भरपाई ठरते कमाईची क्षमता किती गेली त्यावर, आणि कायद्याच्या यादीत नसलेल्या इजांसाठी ती टक्केवारी डॉक्टरने वेगळी लिहावी लागते. कमरेचा मणका मोडलेला माणूस बसून पानाची टपरी चालवू शकेल, पण गवंडीकाम करू शकणार नाही. वर उल्लेखलेल्या सुताराच्या प्रकरणात डावा हात कापावा लागला होता. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून अपंगत्व शंभर टक्के धरले ते योग्य, असे न्यायालय म्हणाले. तेव्हा डॉक्टरला कामगाराचे काम नेमके सांगावे : ओझे उचलतो का, परांचीवर चढतो का, उकिडवे बसून सळई बांधतो का. आणि हा डॉक्टर साक्षीला येईल ना, हेही विचारून ठेवावे. नुसता दाखला जोडला आणि डॉक्टर आलाच नाही, तर टक्केवारी हवेत राहते.

अर्जाची मुदत दोन वर्षे धरून चालावे. अर्ज अपघाताच्या ठिकाणीच करावा लागतो हा गैरसमज आहे. दावेदार जिथे राहतो त्या भागातही तो करता येतो. पुण्यात मेलेल्या कामगाराची बायको जालन्यात किंवा नांदेडला राहत असेल, तर तिने दर तारखेला पुण्याला यायचे कारण नाही. महाराष्ट्रात जुन्या कायद्याखाली बहुतेक ठिकाणी कामगार न्यायालयाचे न्यायाधीशच आयुक्त म्हणून हे अर्ज चालवत आले. मृत्यूच्या अर्जात विधवा, अल्पवयीन मुले, अविवाहित मुली आणि विधवा आई या सर्वांची नावे एकाच अर्जात घालावीत. सासू-सून भांडून वेगवेगळे अर्ज करतात आणि दोघींचेही वर्षभर लांबते. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे (१५१०० ही मोफत मदतवाहिनी). स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता वकील मिळतो.

मात्र अर्ज करण्याआधी दोन गोष्टी तपासाव्यात, नाहीतर चुकीच्या न्यायालयात दोन वर्षे जातात. पहिली, ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजना. १ ऑगस्ट २०१५ पासून ही योजना लागू असलेल्या भागांतले बांधकाम कामगारही तिच्या कक्षेत आले. वेतन २१,००० पर्यंत असेल आणि ती लागू असेल तर भरपाई कायद्याखालचा दावा चालत नाही. त्याऐवजी तात्पुरत्या अपंगत्वात ९० टक्के वेतन आणि मृत्यूनंतर वारसांना दरमहा लाभ मिळतो. दीर्घकाळाचा विचार केला तर तो अनेकदा जास्त चांगला. ठेकेदाराने नाव नोंदवले नव्हते, हा कामगाराचा दोष नाही. दुसरी गोष्ट, अपघात डंपर, ट्रान्झिट मिक्सर किंवा क्रेनने झाला का? वाहन असेल तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचा पर्याय असतो. तिथे १५,००० ची मर्यादा नाही. पण मुदत सहा महिन्यांची आहे आणि दोन्हींपैकी एकच दावा करता येतो. कामावर जाता-येताना टेम्पो उलटला तर काय, हा प्रश्नही नेहमी येतो. साखर कारखान्याच्या एका पहारेकऱ्याच्या वारसांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये स्पष्ट केले की अपघाताची वेळ, ठिकाण आणि परिस्थिती यांचा कामाशी संबंध दिसत असेल, तर जाता-येतानाचा अपघातही कामावरचा धरता येतो.

महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाचे पैसे या सर्वांपेक्षा वेगळे. कामावर असताना मृत्यू झाल्यास वारसाला ५ लाख, ७५ टक्के किंवा त्याहून जास्त कायमचे अपंगत्व आल्यास २ लाख, विधवेला किंवा विधुराला पाच वर्षे दरवर्षी २४,००० रुपये. हे घेतल्याने मालकाची भरपाई कमी होत नाही. अट एकच, आणि तीच नडते : अपघाताच्या दिवशी नोंदणी चालू हवी. वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो आणि नूतनीकरण दरवर्षी करावे लागते. भांडी-पेटीचा संच मिळाला की पुढच्या वर्षी नूतनीकरणाला कोणी जात नाही. तसेच सरकारने जाहीर केलेले सानुग्रह अनुदान म्हणजे भरपाई नव्हे. १ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे शहापूरजवळ समृद्धी महामार्गाच्या कामावर गर्डर लाँचर कोसळून २० जणांचा मृत्यू झाला, तेव्हा राज्याने ५ लाख आणि केंद्राने २ लाख जाहीर केले. ते मिळाले म्हणून मालकावरचा दावा संपत नाही.

निकाल लागल्यानंतरचा रस्ताही सरळ नाही. ठेकेदाराने पैसे भरले नाहीत तर रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करता येते. जिल्हाधिकाऱ्यांना वसुली प्रमाणपत्र जाते, ते तहसील कार्यालयात उतरते आणि तिथे पडून राहते, कारण त्यात जप्त करण्याजोग्या मालमत्तेचा तपशील नसतो. सातबारा, गाळा, न विकलेल्या सदनिकांची महारेरावरची माहिती असे काही अर्जदारानेच जोडले तर फाइल हलते. उलट मालकाला उच्च न्यायालयात अपील करायचे असेल, तर संपूर्ण रक्कम आधी जमा केल्याचे आयुक्तांचे प्रमाणपत्र त्याला जोडावे लागते. कामगाराच्या बाजूची ही तरतूद फारच थोड्यांना ठाऊक आहे.

शेवटी एक विनंती आपल्या वार्ताहरांना. १९२३ च्या कायद्याचे कलम १०अ म्हणते की कामावरच्या मृत्यूची माहिती आयुक्तांना 'कोणत्याही मार्गाने' मिळाली, तर ते मालकाला नोटीस काढून ३० दिवसांत निवेदन मागवू शकतात. ती माहिती वृत्तपत्राच्या कात्रणातूनही मिळू शकते, आणि साध्या टपालाने ते कोणीही पाठवू शकतो. पण कात्रणात 'एका खासगी साइटवर' एवढेच असेल तर नोटीस पाठवायची कोणाला? बातमीत प्रकल्पाचा महारेरा क्रमांक, विकासक कंपनीचे आणि ठेकेदाराचे नोंदीवरचे नाव, पोलिस ठाणे आणि गुन्ह्याचा किंवा अकस्मात मृत्यूचा नोंदणी क्रमांक एवढे चार तपशील छापावेत, ही विनंती.

आपला,
कामगार न्यायालयात भरपाईचे दावे चालवणारा एक वकील, पुणे